रस्ता-शुल्काची चाचणी कशी घ्यावी: पूर्वमोजणीपासून शुल्क थांबल्यानंतरच्या नोंदींपर्यंत

शहरात गर्दीच्या वेळी रस्ता वापरण्यासाठी शुल्क लावून पाहण्याच्या चाचण्यांमध्ये एकच चूक पुन्हापुन्हा होते. शुल्कक्षेत्राच्या सीमेवरून शुल्कापूर्वी किती वाहने जात होती आणि शुल्कानंतर किती गेली हे मोजले जाते, आणि त्या दोन आकड्यांतील फरक ‘प्रवासाच्या सवयींतील बदल’ म्हणून अहवालात मांडला जातो. हा फरक खरा असू शकतो. पण त्यात ऋतूचा, सुट्ट्यांचा, इंधनाच्या दराचा आणि शेजारच्या रस्त्यावर चाललेल्या खोदकामाचाही वाटा असतो. शिवाय सीमेवर न दिसलेली फेरी बंद झाली, पुढे ढकलली गेली, दुसऱ्या रस्त्याने गेली की बसने झाली, हे त्या आकड्यातून कळत नाही. चाचणी आखणाऱ्यांनी आणि अहवाल तपासणाऱ्यांनी खालील टप्पे याच क्रमाने घ्यावेत, कारण पहिले चार टप्पे शुल्क सुरू होण्यापूर्वीच पूर्ण व्हावे लागतात आणि ते नंतर भरून काढता येत नाहीत.

## टप्पा १: चाचणी नेमकी कशाची, हे एका वाक्यात लिहा

रस्ता-शुल्काच्या चाचण्या तीन प्रकारच्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की निष्कर्ष बिघडतात.

पहिला प्रकार यंत्रणेच्या चाचणीचा. हाँगकाँगमध्ये १९८३ ते १९८५ या काळात सुमारे अडीच हजार वाहनांवर इलेक्ट्रॉनिक शुल्क-आकारणीची चाचणी झाली. वाहनांची ओळख पटते का आणि नोंद बिनचूक होते का, हे तीतून समजले. परंतु चालकांकडून प्रत्यक्ष शुल्क घेतले जात नसल्यामुळे त्यांच्या सवयींबद्दल तीतून काही सांगता येत नव्हते.

दुसरा प्रकार निवडक सहभागींच्या चाचणीचा. काही शे किंवा काही हजार लोकांच्या वाहनात किंवा फोनवर जीपीएस बसवून फक्त त्यांनाच शुल्क लावले जाते. यातून व्यक्तीचा प्रतिसाद बारकाईने दिसतो. मात्र शहरातील बाकीची वाहने तशीच धावत असल्यामुळे रस्ता मोकळा होत नाही आणि सहभागीला मोकळ्या रस्त्याचा फायदा न मिळता फक्त शुल्काचा भार जाणवतो.

तिसरा प्रकार पूर्ण शहराच्या चाचणीचा. स्टॉकहोममध्ये ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात अशी चाचणी झाली. शुल्कसीमा ओलांडणारी रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि रांगांमध्ये जाणारा वेळ त्याहून मोठ्या प्रमाणात कमी झाला. रस्ता भरत आला की शेवटच्या थोड्या वाहनांमुळेच वेग झपाट्याने पडतो, म्हणून वाहनसंख्येतील घट आणि वेळेची बचत हे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

तपासा: तुमच्या वाक्यात ‘कोणाच्या’, ‘कोणत्या वेळच्या’ आणि ‘कोणत्या फेऱ्या’ हे तिन्ही शब्द आहेत का? ‘गर्दी कमी होते का ते पाहणे’ एवढेच लिहिले असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: शुल्काची रचना ठरवा आणि तिच्या कडा तपासा

शुल्क सीमा ओलांडल्यावर घ्यायचे, क्षेत्रात दिवसभर फिरण्यासाठी घ्यायचे की अंतरानुसार घ्यायचे, यावर लोक काय बदलतील हे अवलंबून असते. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये सुरू झालेले शुल्क दिवसाला एकदाच द्यावे लागत असे, म्हणजे एकदा दिल्यानंतर त्या दिवशीची दुसरी आणि तिसरी फेरी फुकटच होती. स्टॉकहोमच्या चाचणीत वेळेनुसार दर वेळी १०, १५ किंवा २० क्रोनर (स्वीडनचे चलन) आणि दिवसाला कमाल ६० क्रोनर असे दर होते. कमाल मर्यादा लोकांना दिलासा देते, पण ती गाठलेल्या माणसाच्या पुढच्या फेरीवर शुल्काचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून विश्लेषणात अशा फेऱ्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

खरी अडचण वेळेच्या कडांवर येते. सिंगापूरमध्ये १९७५ साली शहराच्या मध्यभागात जाण्यासाठी परवाना लागू झाला, तेव्हा त्याची वेळ सकाळी ७.३० ते ९.३० होती. चालक साडेनऊ वाजण्याची वाट पाहू लागले आणि गर्दी साडेनऊनंतर सरकली. त्यामुळे काही आठवड्यांतच वेळ १०.१५ पर्यंत वाढवावी लागली. शुल्क एका क्षणी शून्यावर येत असेल, तर त्या क्षणाच्या अलीकडे आणि पलीकडे वाहनांची नोंद तासाची न घेता पाच मिनिटांची घ्यावी. तासाच्या बेरजेत हे सरकणे पूर्ण झाकले जाते.

खबरदारी: सूट कोणाला द्यायची हे चाचणी सुरू झाल्यावर बदलू नका. पर्यायी इंधनाच्या गाड्यांना सूट असेल, तर काही लोक फेरी न बदलता गाडी बदलतील; हाही वर्तनातील बदलच आहे, पण तो वेगळ्या रकान्यात मोजावा लागतो.

## टप्पा ३: तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून ठरवा

निवडक सहभागींच्या चाचणीत सर्वाधिक आग्रह मी या टप्प्यासाठी धरेन. जे स्वतःहून नाव नोंदवतात त्यांच्या वेळा बहुधा आधीच लवचिक असतात. अशा स्वयंसेवकांना शुल्क लावून बाकीच्या शहराशी त्यांची तुलना केली, तर परिणाम फुगलेला दिसतो. म्हणून आधी सर्वांची नावनोंदणी करून घ्यावी आणि मग नोंदवलेल्यांतूनच यादृच्छिक पद्धतीने गट पाडावेत.

गट दोन नव्हे, शक्य असेल तर तीन करावेत: काहीही न बदललेला गट, फक्त माहिती मिळणारा गट, आणि माहितीसह शुल्क लागणारा गट. आपण किती फिरलो आणि त्याचा इतरांवर किती भार पडला, हे दर आठवड्याला वाचायला मिळाल्यानेही माणूस बदलू शकतो आणि तो बदल शुल्काच्या नावावर जमा होतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१९-२० मध्ये साडेतीन हजारांहून अधिक सहभागींवर झालेल्या प्रयोगात अशीच तीन गटांची रचना होती. तेथे नुसत्या माहितीचा ठोस परिणाम आढळला नाही, तर शुल्क लागलेल्या गटाने प्रवासाचा समाजावर पडणारा खर्च सुमारे ५ टक्क्यांनी कमी केला. तिसरा गट नसता, तर ही वाटणी कळलीच नसती.

गटाचे एकक व्यक्ती न ठेवता कुटुंब ठेवावे. एकाच घरातील एक जण शुल्काच्या गटात आणि दुसरा तुलनेच्या गटात गेला, तर घरातली गाडी शुल्क नसलेल्याच्या नावावर धावू लागते.

किती सहभागी लागतील याचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. प्रत्येक गटातील संख्या साधारणपणे १६ गुणिले (प्रमाण विचलन भागिले पकडायचा फरक) याच्या वर्गाएवढी असावी. प्रमाण विचलन म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे आकडे सरासरीच्या आसपास साधारण किती पसरलेले आहेत, त्याचे माप. समजा, माणशी आठवड्याला गर्दीच्या वेळच्या सरासरी ५ फेऱ्या होतात, प्रमाण विचलन ३ आहे आणि आपल्याला अर्ध्या फेरीचा फरक ओळखायचा आहे. मग ३ भागिले ०.५ म्हणजे ६, त्याचा वर्ग ३६ आणि गुणिले १६ म्हणजे प्रत्येक गटात ५७६ जण. पूर्वमोजणी चांगली असेल आणि तिचा नंतरच्या नोंदींशी सहसंबंध (दोन्ही आकडे किती जुळून चालतात याचे माप; पूर्ण जुळले तर १) ०.७ असेल, तर हीच संख्या सुमारे २९४ वर येते. त्यावर २० टक्के गळती धरली, तर ३६८ जणांची नोंदणी करावी लागते. पूर्वमोजणीवर खर्च केलेला महिना सहभागींची संख्या जवळपास निम्मी करतो, ही गोष्ट निधी मागताना आवर्जून मांडावी. कुटुंब हे एकक ठेवले असेल, तर हा हिशेब कुटुंबांच्या संख्येत आणि कुटुंबाच्या फेऱ्यांवर करावा.

पूर्ण शहराच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. तेथे शुल्क नसलेले, पण हवामान, सुट्ट्या आणि इंधन-दर सारखे असलेले दुसरे शहर किंवा सीमेपासून पुरेसे दूर असलेले रस्ते तुलनेसाठी घ्यावेत. सीमेला लागून असलेले रस्ते कधीही घेऊ नयेत, कारण वळवलेली वाहने तेथेच येतात.

तपासा: विश्लेषणाचा आराखडा, म्हणजे मुख्य मोजमाप कोणते, कोणत्या नोंदी वगळायच्या आणि कोणते उपगट पाहायचे, हे लिहून, तारीख टाकून बंद केले आहे का?

## टप्पा ४: पूर्वमोजणी

शुल्काच्या घोषणेनंतर सुरू केलेल्या मोजणीला पूर्वमोजणी म्हणता येत नाही. घोषणा झाली की काही लोक आधीच वेगळे वागू लागतात. कोणी बसचा मार्ग करून पाहतो, कोणी गाडीची मोठी खरेदी पुढे ढकलतो.

निवडक सहभागींसाठी किमान चार आठवडे आणि पूर्ण शहरासाठी शक्यतो मागील वर्षाचे तेच महिने हाताशी असावेत. या काळात पुढील गोष्टी एकाच यंत्रणेने नोंदवाव्यात: सीमेवरील प्रत्येक प्रवेश, सीमेबाहेरून जाणारे वळणमार्ग, बस व रेल्वेतील चढउतार, ठरलेल्या मार्गांवरील प्रवासवेळ आणि सीमेलगतच्या वस्त्यांतील वाहनतळ किती भरतात हे. मोजणीयंत्र मध्येच बदलले, तर यंत्रांतला फरक वर्तनातील बदल म्हणून मोजला जातो.

‘फेरी’ म्हणजे काय, हेही याच वेळी ठरवावे. गाडी किती मिनिटे थांबली की एक फेरी संपून दुसरी सुरू झाली असे धरायचे? पाच मिनिटे धरली, तर मुलाला शाळेत सोडून पुढे कामावर जाणे या दोन फेऱ्या होतात. वीस मिनिटे धरली, तर ती एकच राहते. कोणती मर्यादा घेता याला फारसे महत्त्व नाही, पण ती दोन्ही काळांत एकच हवी.

सार्वजनिक वाहतूक वाढवणार असाल, तर ती शुल्काच्या बऱ्याच आधी वाढवावी. स्टॉकहोममध्ये जादा बससेवा ऑगस्ट २००५ मध्येच सुरू झाली आणि शुल्क जानेवारीत लागले. मधल्या महिन्यांत मोटारींची रहदारी जवळपास तशीच राहिली, म्हणून पुढची घट बसमुळे नव्हे तर शुल्कामुळे झाली, असे म्हणण्यास आधार मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू झाल्या असत्या, तर हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला असता.

खबरदारी: जीपीएसच्या नोंदींवरून माणसाचे घर, कामाचे ठिकाण, दवाखाना आणि प्रार्थनास्थळ सहज ओळखता येते. नाव काढून टाकले म्हणजे गुप्तता राखली, असे समजू नये. संमतीपत्रात नोंदी कोण पाहणार आणि त्या कधी नष्ट होणार हे स्पष्ट लिहावे, आणि विश्लेषकाला घराच्या अचूक बिंदूऐवजी फक्त विभाग द्यावा.

## टप्पा ५: पैसा खरा वाटला पाहिजे

सहभागींच्या खिशातून थेट पैसे घेणे बहुतेक वेळा शक्य नसते. त्यावरचा रुळलेला मार्ग म्हणजे आगाऊ खाते. अमेरिकेतील सिएटल परिसरात २००५-०६ मध्ये पावणेतीनशेच्या आसपास कुटुंबांवर झालेल्या प्रयोगात प्रत्येक कुटुंबाच्या खात्यात रक्कम ठेवली होती. रस्ता आणि वेळ यांनुसार त्यातून शुल्क वजा होत असे आणि शेवटी उरलेली शिल्लक कुटुंबाला मिळत असे.

हे खाते भरताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे सर्वांना एकच रक्कम देणे. जास्त फिरणाऱ्याचे खाते दुसऱ्याच आठवड्यात रिकामे होते आणि त्यानंतर त्याच्यासाठी शुल्क उरतच नाही. रक्कम प्रत्येकाच्या पूर्वमोजणीवरून, जुन्या सवयी तशाच राहिल्या तर शेवटपर्यंत पुरेल आणि थोडी उरेल इतकी ठेवावी; मात्र ती कशावरून ठरणार हे पूर्वमोजणी संपेपर्यंत सांगू नये, नाहीतर काही जण मुद्दाम जास्त फिरतील. दुसरी चूक म्हणजे हिशेब महिन्याच्या शेवटी कळवणे. वजावट त्याच दिवशी दिसली नाही, तर माणूस दर पाहून निर्णय घेत नाही.

शुल्काऐवजी बक्षीस देऊन चाचणी करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. नेदरलँड्समध्ये २००६ साली गर्दीची वेळ टाळणाऱ्या चालकांना दिवसाला ३ ते ७ युरो देऊन पाहण्यात आले. सहभागींच्या गर्दीच्या वेळच्या फेऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्या, पण बक्षीस थांबताच बहुतेक जण जुन्या वेळेवर परतले. बक्षिसाने लोकांची लवचिकता मोजता येते. शुल्काचा परिणाम मात्र त्यावरून थेट काढता येत नाही, कारण बक्षिसाकडे तेच येतात ज्यांना बदलणे सोपे असते, आणि शुल्क मात्र सर्वांना लागते.

## टप्पा ६: चाचणी चालू असताना रोजची तपासणी

येथे फार काही लिहिण्याजोगे नाही, पण रोज करण्याजोगे मात्र आहे.

१. कालच्या नोंदी किती सहभागींकडून आल्या, हे सकाळी पाहावे. फोनची बॅटरी संपल्याने आलेला शून्य आणि घरी बसल्याने आलेला शून्य यांत फरक करणारी खूण नोंदीत असलीच पाहिजे.

२. चिखलाने माखलेली किंवा वाकलेली नंबरप्लेट कॅमेऱ्याला वाचता येत नाही. न वाचलेल्या प्लेटांचे प्रमाण रोज नोंदवावे. ते पावसात वाढले आणि वाहनसंख्या घटली, तर ती घट खरी नाही.

३. घटनावही ठेवावी: अपघात, संप, परीक्षा, रस्ताबंदी, इंधन-दरातील बदल. तीन महिन्यांनी या गोष्टी कोणाला आठवत नाहीत.

४. चाचणी सोडून जाणाऱ्यांची नोंद गटानुसार ठेवावी. शुल्काच्या गटातून जास्त फिरणारे गळाले, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप कमी होते आणि कोणीही न बदलता परिणाम दिसू लागतो.

खबरदारी: पहिल्या आठवड्याचे आकडे जाहीर करण्याचा मोह टाळा. पहिल्या दिवसांत लोक गोंधळातून रस्ता टाळतात आणि पुढे त्यांतले काही परत येतात.

## टप्पा ७: हरवलेल्या प्रत्येक फेरीचा हिशेब लावा

समजा, एका सहभागीची गाडी पूर्वमोजणीच्या काळात दर मंगळवारी सकाळी ८.५८ च्या सुमारास सीमा ओलांडत असे. शुल्क सुरू झाल्यावर ती नोंद नाहीशी झाली. सीमेवरच्या यंत्राच्या दृष्टीने एक वाहन कमी झाले. जीपीएसचा माग उघडून पाहिला, तर गाडी ८.५१ ला सीमेच्या तीनशे मीटर अलीकडे एका गल्लीत थांबली आणि त्यानंतर फोन माणसाच्या चालण्याच्या वेगाने पुढे सरकला. गाडीचा प्रवास जवळपास तेवढाच राहिला. फक्त गाडी उभी करण्याचा भार शेजारच्या वस्तीवर गेला. दुसऱ्या एका घरातील ८.५८ ची फेरी ७.२० ला सरकलेली असते आणि तीत आता दोघे जण एकत्र जातात. येथे वेळही बदलली आणि एक गाडीही खरोखर कमी झाली.

म्हणून प्रत्येक हरवलेली फेरी पुढीलपैकी एका रकान्यात टाकावी: वेळ बदलली, रस्ता बदलला, साधन बदलले, जाण्याचे ठिकाण बदलले, दुसऱ्या फेरीत मिसळली, सीमेबाहेर गाडी ठेवली, किंवा फेरीच रद्द झाली. दोन रकाने लागू असतील, तर दोन्ही नोंदवावेत. ‘माहीत नाही’ असा रकानाही ठेवावा आणि त्याचे प्रमाण न लपवता छापावे.

केवळ प्रश्नावलीवर येथे विसंबू नये. स्टॉकहोममध्ये कामावर जाणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणात सार्वजनिक वाहतूक धरली, हे ओळखता आले. पण खरेदी, भेटीगाठी अशा इतर फेऱ्यांतील घट विखुरलेली होती आणि आपण नेमके काय बदलले, हे अनेकांना स्वतःलाच सांगता आले नाही. अशा फेऱ्या रोज सारख्या नसतात, त्यामुळे आठवड्याला एखादी कमी झाली तरी माणसाला तो बदल वाटत नाही. प्रश्नावलीने कारणे विचारावीत, संख्या मात्र नोंदींमधूनच घ्यावी.

## टप्पा ८: आकडेमोड

मुख्य आकडा फरकांच्या फरकाचा असावा. शुल्काच्या गटात आठवड्याच्या फेऱ्या ५.० वरून ४.२ वर आल्या आणि तुलनेच्या गटात ५.१ वरून ४.८ वर आल्या, तर शुल्काचा परिणाम ०.८ नव्हे, ०.५ फेऱ्यांचा आहे. उरलेली ०.३ ची घट शुल्काशिवायही झालीच असती.

एकाच माणसाचे तीस दिवस म्हणजे तीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्रुटीचे गणित कुटुंबनिहाय करावे, अन्यथा निष्कर्ष असतात त्यापेक्षा पक्के दिसतात.

लवचिकतेचा गुणांक, म्हणजे खर्च एक टक्क्याने वाढला तर फेऱ्या किती टक्क्यांनी बदलतात तो आकडा, काढताना आणखी एक गफलत होते. शुल्क शून्यावरून सुरू होत असल्यामुळे शुल्कातील टक्केवारीची वाढ काढताच येत नाही. ती फेरीच्या एकूण खर्चावर काढावी लागते. फेरीचा इंधन व वाहनतळाचा खर्च १०० एकक असेल, शुल्क २० एकक असेल आणि फेऱ्या १० टक्क्यांनी घटल्या असतील, तर गुणांक उणे ०.५ येतो. प्रवासवेळेची किंमत धरून एकूण खर्च २५० मानला, तर तीच घट उणे १.२५ देते. खर्चात काय धरले हे न सांगता छापलेला गुणांक दुसऱ्या शहराच्या गुणांकाशी ताडून पाहू नये.

सरासरीखाली कोण दबले आहे, हेही पाहावे. पाळीत काम करणारे, मुलांना वेळेवर पोचवणारे, आजारी माणसाला घेऊन जाणारे आणि जवळ बसथांबा नसलेले यांनी फेरी बदलली नाही, तर त्यांना शुल्क जड गेले नाही असा अर्थ होत नाही. त्यांच्यापुढे पर्याय नसेल, असाही होतो. म्हणून बदललेल्या फेऱ्यांबरोबर भरलेले शुल्क उत्पन्नाच्या किती टक्के होते, हा तक्ता दिलाच पाहिजे. तो नसलेला अहवाल मी तरी अपुराच मानतो.

तपासा: बंद करून ठेवलेला विश्लेषणाचा आराखडा उघडा. त्यात नसलेला प्रत्येक आकडा ‘नंतर शोधलेला’ अशा खुणेसह छापा.

## टप्पा ९: शुल्क थांबल्यावरही मोजणी चालू ठेवा

शेवटच्या दिवशी यंत्रे उतरवली जातात आणि हाताशी आलेला सर्वांत मोलाचा पुरावा निघून जातो. शुल्क परिणाम करत होते की दुसरेच काही, याची सरळ परीक्षा शुल्क काढून घेतल्यावर होते. मिलानमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात न्यायालयीन आदेशामुळे शुल्क काही आठवडे अचानक थांबले आणि रहदारी लगेच वाढली. स्टॉकहोममध्ये ऑगस्ट २००६ पासून शुल्क नव्हते, तेव्हा रहदारी पुन्हा वाढली, पण पूर्वीच्या पातळीपर्यंत पूर्ण पोचली नाही. म्हणजे काही नव्या सवयी टिकल्या होत्या. पुढे ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचे लागू झाले.

निवडक सहभागींच्या चाचणीत शुल्क थांबल्यानंतर किमान चार आठवडे आणि पूर्ण शहरात किमान तीन महिने त्याच यंत्रांनी, त्याच व्याख्यांनी नोंद घ्यावी. सहभागींना शिल्लक रक्कम शुल्काचा काळ संपताच द्यावी, परंतु या अखेरच्या आठवड्यांसाठी वेगळे, ठरावीक मानधन ठेवावे आणि ते फेऱ्यांवर अवलंबून नसावे. नाहीतर नेमके ज्यांच्या खात्यात काही उरले नव्हते तेच ॲप काढून टाकतात, आणि परतलेल्यांची संख्या मोजायची राहून जाते.